दगडाची शकावली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाली म्हटलं की पुष्कळांना अष्टविनायकातल्या बल्लाळेश्वराची पाली आठवते. मी ज्या पालीबद्दल बोलणार आहे ती पुणे जिल्ह्यातली, राजगडाच्या पायथ्याची, कानंदी नदीच्या खोऱ्यातली. गाव लहानसं. पण राजगडाच्या एका दरवाजानं या गावाचं नाव घेतलं आहे. पाली दरवाजाची वाट ही गडाची राजवाट. पायऱ्या रुंद, चढ बेताचा. माझे वडील विहिरींच्या कामावर असत. माझ्या लहानपणी दोन उन्हाळे आमचा मुक्काम याच पंचक्रोशीत होता, त्यामुळे या बाजूला आलो की मला घरी आल्यासारखं वाटतं.

मागच्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीच्या मुलीला घेऊन पाली दरवाजानं चढत होतो. पोरगी दहावीत आहे. अर्ध्या वाटेवर दम लागला म्हणून मी पायरीवर बसलो. तिनं पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "मामू, रागावणार नसाल तर एक विचारते. माणूस माकडापासून झाला, हे कोणी पाहिलंय का?"

शिकवणीतल्या कोणा मोठ्या माणसानं तिला एक चकचकीत पुस्तक वाचायला दिलं होतं. त्यात हाच प्रश्न होता. मी तिला उलट विचारलं, "आणि महाराज या पायऱ्यांवरून चढले, हे तरी कोणी पाहिलंय?"

ती हसली. म्हणाली, "मामू, त्याचे पुरावे आहेत."

आजचं माझं बोलणं या एका शब्दाभोवती आहे. मी कवी माणूस. शिक्षण बी.ए. भूशास्त्र किंवा जीवशास्त्र माझ्या अधिकारातलं नाही. पण पुरावा कशाला म्हणायचं, हे या मावळातल्या माणसाला शिकवायला बाहेरून कोणी यायला नको.

"कोणी पाहिलं?" हा प्रश्न शाळकरी मुलीनं विचारला तर कौतुक वाटतं. जानेवारी २०१८ मध्ये तो तेव्हाच्या औरंगाबादेत एका वैदिक संमेलनाच्या निमित्तानं केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी विचारला. डार्विनचा सिद्धांत चूक आहे, आपल्या पूर्वजांपैकी कोणीही माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं लिहिलेलं नाही की सांगितलेलं नाही, तेव्हा शाळा-कॉलेजांतून तो बदलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी लगोलग संयुक्त निवेदन काढून हे खोडून काढलं. खात्याचे वरिष्ठ मंत्री, आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर, यांनीही अशी विधानं टाळा असं त्यांना सांगितलं. प्रकरण तिथं मिटलं. पण मला राहून राहून आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. सत्यपाल सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. ज्या गुन्ह्याला साक्षीदार नाही तो घडलाच नाही, असं पोलीस खातं म्हणू लागलं तर चोरांची चंगळ होईल. पायाचे ठसे, रक्ताचा डाग, भिंतीत रुतलेली गोळी यांवरूनच तर तपास होतो. हे सारं आयुष्य त्यात घालवलेल्या माणसाला डार्विनच्या बाबतीतच आठवू नये?

आता राजगडाशेजारच्या, भोर तालुक्यातल्या कारी गावाची गोष्ट सांगतो. शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला? शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाला विचारलं असतं तर त्यानं शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इसवी सन १६२७, असं उत्तर दिलं असतं. बखरींत तसं होतं. त्यातल्या पुष्कळ बखरी महाराजांनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहिलेल्या. पण पिढ्यान्पिढ्या तेच ऐकलेलं. मग कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातून एक जुनी शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली ती छापली गेली. शकावली म्हणजे शकवार टिपणं. ना अलंकार, ना स्तुती. अमुक शक, अमुक महिना, अमुक तिथी, वार आणि काय घडलं ते. तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा होता.

खळबळ उडाली. एका जुन्या कागदावरून घराघरात रुजलेली तिथी बदलायची? पण संशोधकांनी भावनेला बाजूला बसवलं. तिथी आणि वार गणितानं ताडून पाहिले, जुळले. महाराजांच्या समकालीन परमानंदाचं 'शिवभारत' हाती आलं, त्यातही तीच तिथी. राजस्थानात जोधपूरला एक कुंडली सापडली, तीही तेच सांगू लागली. एकमेकांची ओळखदेख नसलेले तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. वाद अनेक दशकं चालला आणि शेवटी महाराष्ट्र शासनानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानली. (ही तारीख जुन्या, ज्यूलियन कॅलेंडरची. आजच्या कॅलेंडरनं तो दिवस १ मार्च येतो. वार मात्र दोन्हीकडे शुक्रवारच.)

यात महाराजांचं काही कमी झालं का? उलट ज्या राजावर आपलं प्रेम आहे त्याच्याबद्दल आपण खरं बोलू लागलो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हापासून आपल्याकडे ही शिस्त आहे. बखर जरूर वाचा, पण तिला अस्सल कागदाशेजारी बसवा. जिथं दोघांचं पटत नाही तिथं कागद ऐका.

भाचीला मी पायरीवर बसून हे सगळं सांगितलं. मग म्हटलं, "आता ज्या दगडावर बसली आहेस त्याची शकावली वाचू."

माझे वडील शाळेत फारसे गेले नव्हते. पण विहिरीचा तळ ते वाचत. आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाषाणाला सुरुंग लावावा लागे. आणि पाषाण संपून हातभर लाल माती लागली की ते वर बसलेल्यांना ओरडून सांगत, "जुनी जमीन लागली!" त्या लाल थराखाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा काळा पाषाण. मला तेव्हा वाटे, जमीन वर असते, विहिरीच्या पोटात कशी असेल? पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की वडिलांचा शब्द भूशास्त्राला धरून होता. एक लाव्हा वाहत आला, थिजला, पाषाण झाला. पुढचा येईपर्यंत मध्ये काळ गेला. ऊन-पावसानं वरचा भाग झिजला, त्याची माती झाली. मग दुसरा लाव्हा त्या मातीवरून वाहिला. काळ्या थरांच्या मधल्या या लाल रेघा सह्याद्रीच्या कुठल्याही घाटात रस्त्याच्या कापलेल्या कडेला दिसतात. आपण गाडीतून कणीस खात त्यांच्याजवळून जातो.

इंग्रजी अमदानीत कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीचा अधिकारी १८२४ पासून दख्खनची माहिती गोळा करत हिंडला. शेतं, पाऊस, पक्षी, खडक, सगळं त्यानं टिपलं आणि इथल्या खडकावर लंडनच्या भूशास्त्र मंडळात निबंध दिला. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ पायऱ्या. डोंगर लांबून पाहिला तर उतार पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो म्हणून हे नाव. म्हणजे पाली दरवाजाच्या पायऱ्या ज्या डोंगरात आहेत तो डोंगरच एक जिना आहे.

या थरांमध्ये साक्षीदारही बसलेले आहेत. मुंबईला वरळीजवळ लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात इवल्याशा बेडकांचे दगड झालेले सांगाडे सापडले. १८४७ साली त्यांचं शास्त्रीय वर्णन रिचर्ड ओवेननं केलं. हा ओवेन पुढे डार्विनचा कट्टर विरोधक झाला. नागपूरकडे स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं टाकळीला आणि आसपास असेच जीवाश्म जमवले. त्याच्या नावानं नागपूरला कॉलेज आहे. बायबल शिकवायला आलेला हा गृहस्थ सुट्टीत हातोडी घेऊन खडक फोडत असे. दोघांनी बेडकाला बेडूक म्हटलं आणि शिंपल्याला शिंपला. साक्ष अशी हवी. सोयीची नसली तरी टिपून ठेवायची.

आणि वय? कारीच्या शकावलीत तिथी शाईनं लिहिली आहे, इथं ती युरेनियमनं लिहिली आहे. लाव्ह्याच्या थरांमधल्या त्या तांबड्या मातीत झिरकॉनचे डोळ्यांना न दिसणारे स्फटिक सापडतात. त्यांच्यातल्या युरेनियमचं शिसं ठरलेल्या गतीनं होत राहतं. किती उरलं आणि किती झालं ते मोजलं की वर्षं निघतात. पोटॅशियम आणि अरगॉनवरून मोजण्याची दुसरी रीत आहे, तिचं घड्याळ वेगळं. दोन्ही घड्याळं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा आकडा दाखवतात. या वयाबद्दलही भांडणं झाली. हिस्लॉपचा अंदाज अलीकडचा होता, तो पुढे सोडावा लागला. डायनोसॉर संपले ते या लाव्ह्यामुळे की मेक्सिकोत आदळलेल्या अशनीमुळे, की दोघांनी मिळून, यावर शास्त्रज्ञ आजही हमरीतुमरीवर येतात. पण ही भांडणं १६२७ की १६३० अशा जातीची आहेत. "महाराज होतेच कशावरून?" या जातीची नाहीत. उत्क्रांतीचे विरोधक पहिल्या जातीचं भांडण दाखवतात आणि दुसऱ्या जातीचा निकाल मागतात.

"पण मामू, माकडाचं काय?" भाची मूळ प्रश्न सोडणारी नव्हे.

माकडाचा माणूस झाला असं डार्विनही म्हणत नाही. आजचं माकड आणि आजचा माणूस यांचे फार मागचे पूर्वज एक, एवढंच तो म्हणतो. माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख प्राकृतात आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, मराठीत. आज मी बोलतोय तेही मराठीच. आता सांगा, प्राकृताची मराठी झाली तो दिवस कोणी पाहिला? कुठल्या आईनं प्राकृतात अंगाई म्हटली आणि तिच्या लेकरानं मराठीत उत्तर दिलं? असं कधीच झालं नाही. प्रत्येक आईला आपल्या मुलाची बोली कळत होती, प्रत्येक मुलाला आईची. एक शब्द इथं झिजला, एक प्रत्यय तिथं गळला, फारशीतून चार शब्द आले, पोर्तुगीजांकडून बटाटा आणि पगार आले. पन्नास-साठ पिढ्यांनंतर मागं वळून पाहिलं तर नाणेघाटाचा लेख वाचायला पंडित लागतो. तिकडे त्याच प्राकृताच्या नात्यातल्या दुसऱ्या बोलींपासून गुजराती झाली, बंगाली झाली. मराठी ही गुजरातीची मुलगी नाही, दोघी चुलत बहिणी. माणसाचं आणि माकडाचं नातं असंच सांगायचं. शब्दाच्या जागी शरीर घ्या आणि पिढ्या लाखांनी मोजा.

डार्विनच्या ग्रंथात आपल्याकडचा कागदही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या पहिल्याच प्रकरणात तो कबुतरांवर बोलतो. माणसानं निवड करून करून कबुतरांच्या किती तऱ्हा निर्माण केल्या हे दाखवताना अकबराच्या दरबाराचा दाखला देतो. वीस हजार कबुतरं, आणि जाती एकमेकींत मिसळून त्यांत केलेली सुधारणा. ही माहिती अबुल फजलच्या 'ऐने-अकबरी'तली. निवड केली की जात बदलते, हे कबुतरबाजांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ज्यांना "कोणी पाहिलं?" हवंच आहे त्यांनी एखादा जुना कबुतरबाज गाठावा.

आता माझ्या घरच्यांबद्दल. भाचीला मिळालेलं पुस्तक मी मागून घेऊन वाचलं. कागद गुळगुळीत, छायाचित्रं सुरेख. ज्या पंथातलं ते पुस्तक, त्याचा मोठा भाऊ म्हणजे तुर्कस्तानच्या 'हारून याह्या'चा 'ॲटलस ऑफ क्रिएशन'. २००६ साली निघालेला हा आठशे पानांचा ठोकळा न मागता युरोपातल्या शाळांना टपालानं गेला. त्यातली रीत ठरलेली. डावीकडे जीवाश्म, उजवीकडे आजचा प्राणी, आणि मजकूर असा की बघा, काही बदललंच नाही. एका पानावर जिवंत किडा म्हणून जे चित्र छापलं आहे तो मासे धरायचा नकली किडा आहे, पोटाखालचा गळ चित्रात स्पष्ट दिसतो! हे रिचर्ड डॉकिन्स यांनी दाखवून दिलं तेव्हा जगभर हसं झालं. लेखकाला पुढे त्याच्या देशात गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली. पण ते मी भाचीला सांगितलं नाही. माणूस वाईट म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही. त्यासाठी तो गळ पुरेसा आहे.

आमच्यात दुसरीही एक खोड आहे. नवव्या शतकातल्या अल-जाहिजच्या प्राण्यांवरच्या ग्रंथातली चार वाक्यं काढायची आणि डार्विनच्या आधी हे आमच्याकडेच होतं म्हणायचं. अल-जाहिज थोर लेखक होता, पण त्याला डार्विन करणं म्हणजे त्याचाही अपमान. हीच खोड शेजारच्या घरात विमानं उडवते. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या विमानांवर निबंध वाचला गेला. आधार 'वैमानिक शास्त्र' या पोथीचा. त्या पोथीची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ सालीच केली होती. भाषा आणि शैली पाहता ती पोथी विसाव्या शतकाच्या मागं जात नाही, आणि चित्रांतली विमानं उडणं शक्य नाही. राजवाड्यांनी बनावट सनद पकडावी तशी ही पकडलेली.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात डोव्हर नावाच्या गावी तर हा कागदाचा खेळ कोर्टातच झाला. सृष्टी देवानं आहे तशी घडवली हे विज्ञान म्हणून सरकारी शाळेत शिकवायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली बंदी केली. तेव्हा एका पाठ्यपुस्तकवाल्यांनी 'निर्मिती' काढून 'बुद्धिमान रचना' असा नवा शब्द घातला आणि आमचा मुद्दा वेगळाच आहे म्हणाले. २००५ च्या खटल्यात बार्बरा फॉरेस्ट यांनी त्या पुस्तकाचे जुने खर्डे एकमेकांशेजारी ठेवून दाखवले. 'क्रिएशनिस्ट्स' हा शब्द खोडून 'डिझाइन प्रोपोनंट्स' घालताना एका ठिकाणी जुन्या शब्दाचं डोकं आणि शेपूट तसंच राहून गेलं होतं: 'सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स'. ना धड हा शब्द, ना धड तो. मधला दुवा दाखवा म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या खर्ड्यात मधला दुवा निघाला! निकाल पालकांच्या बाजूनं लागला.

तुर्कस्तानानं २०१७ साली माध्यमिक शाळेतून उत्क्रांती काढून टाकली. आपल्याकडे एनसीईआरटीनं करोनाच्या काळात भार हलका करायचा म्हणून दहावीच्या पुस्तकातला हा भाग गाळला, आणि २०२३ साली निघालेल्या पुस्तकातूनही तो गाळलेलाच राहिला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या पाठाच्या नावात नुसती आनुवंशिकता उरली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. बारावीला जीवशास्त्र घेणारे शिकतील, असं उत्तर मिळालं. म्हणजे जो पोरगा दहावीनंतर कॉमर्सला जाईल, आयटीआयला जाईल, किंवा पालीसारख्या गावात शेतीला लागेल, त्याच्या वाट्याला काय? नव्या औषधाला दाद न देणारा क्षयरोगाचा जंतू आणि फवारणीला न मरणारी बोंडअळी ही दोन्ही उत्क्रांतीचीच कामं आहेत, आणि ती कॉमर्सवाल्याच्या घरीही येतात. आमच्या भाचीचं नशीब बरं. बालभारतीच्या तिच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच पाठ आहे.

पुरावा मागणं ही फार साधी गोष्ट वाटते. पण २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. ते आयुष्यभर एवढीच गोष्ट मागत आले होते. २०२४ च्या मे महिन्यात न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. यापुढे मला त्यावर बोलवत नाही.

मी नमाज पढणारा माणूस आहे. हे जग कोणी आणि का निर्माण केलं, या प्रश्नाचं उत्तर मी खडकात शोधत नाही. कसं आणि कधी घडलं, हे मात्र खडकालाच विचारावं असं मला वाटतं. आणि हे काही मी पाश्चात्त्यांकडून शिकलो नाही. अल-बिरूनी हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानात आला. त्यानं 'किताब-उल-हिंद' लिहिली ती १०३० च्या सुमाराला. त्यात तो म्हणतो की इथली जमीन खणून पाहा. डोंगराजवळ जिथं नदीला ओढ आहे तिथं गोटे मोठे असतात, लांब गेलं की बारीक होतात, आणि समुद्राजवळ नुसती वाळू. मग त्यानं अनुमान काढलं की हा मैदानी मुलूख एके काळी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळानं तो हळूहळू भरत आला असावा. पाहिलं कोणीच नव्हतं. गोट्यांनी सांगितलं ते त्यानं ऐकलं.

गड उतरून परत निघालो तेव्हा कानंदीच्या काठानं दोन-तीन ठिकाणी गाडी थांबवली आणि पात्रात उतरलो. वरच्या अंगाला धोंडे होते, बसायला पाट घ्यावा एवढे. खाली गेलो तसे मुठीएवढे झाले. भाचीनं प्रत्येक ठिकाणी एकेक गोटा मोबाइलशेजारी ठेवून फोटो काढला. शेवटच्या ठिकाणी तिला एक काळा दगड मिळाला, पोटात पांढऱ्या गारेचा ठिपका असलेला. लाव्हा थिजताना वाफेचा बुडबुडा राहतो आणि पुढे त्या पोकळीत पाणी झिरपून गार धरते, असं मी तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं.

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"विचारून बघ बाईंना. मी चुकतही असेन."

तिनं तो दगड रुमालात गुंडाळला आणि दप्तरात टाकला.